छपराखालचा मल्हार

दिवाळीच्या अंकात पावसाच्या गाण्यांविषयी लिहायचे, म्हणजे वरवर पाहता अवेळीच म्हणायला हवे. हस्ताचा पाऊस सरला, अंगणातले शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे निघाले, दारामागे टांगलेल्या छत्र्या पुसून माळ्यावर गेल्या. आता कुठे पणत्या लावायच्या, तर हा गृहस्थ आषाढातले काळे ढग घेऊन दारात उभा! पण मला वाटते, पावसाच्या गाण्यांचा नीट विचार करायला हीच वेळ बरी. पाऊस कोसळत असतो तेव्हा गाणे सुचते, विचार सुचत नाही. आभाळ मोकळे झाले, की मग मागे वळून पाहावे आणि स्वतःला विचारावे, आपण एवढे आनंदाने गुणगुणत होतो ते नेमके कशावर?

प्रत्येक घराची पावसाची गाणी ठरलेली असतात. आजीच्या ओठांवर हादग्याचे फेर असतात. आश्विनात, सूर्य हस्त नक्षत्रात असताना, पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात तो हादगा. कुणाकडे त्यालाच भोंडला म्हणतात. आईला ‘देवबाप्पा’ या १९५३ सालच्या चित्रपटातले मोराचे गाणे आठवते. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशा भोसल्यांचा. त्या गाण्यावर नाच बसवला नाही अशी मराठी शाळा शोधावी लागेल. वडिलांना मल्हारच हवा असतो. पावसाळ्यात मल्हाराला वेळेचे बंधन नाही. सकाळी गा, मध्यरात्री गा. मियाँमल्हारात गंधार झुलत झुलत खाली येतो, दोन्ही निषाद एकमेकांना बिलगून लागतात, आणि बंद खोलीतही ढग उतरल्यासारखे वाटते. घरातल्या सर्वांत धाकट्याचे गाणे मात्र एकच असते: पावसाला पैसा देऊ करण्याचे. त्या गाण्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण मला जे म्हणायचे आहे त्याची किल्ली त्या चिमुकल्या गाण्यातच आहे.

या सगळ्या गाण्यांवर आपले प्रेम आहे, आणि प्रेम असलेल्या गोष्टीला प्रश्न विचारणे अवघड असते. तरी एक प्रश्न विचारणे भाग आहे.

२०१९ साली दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली होती. त्या दिवाळीला महाराष्ट्रातून पाऊस गेलाच नव्हता. आकाशकंदील ओले होऊन लोंबत होते, ही शहरातली तक्रार. गावातली हकीकत निराळी होती. कापून ठेवलेले सोयाबीन शेतातच भिजले आणि ढिगातल्या ढिगात दाण्यांना कोंब फुटले. पिकलेला भात आडवा होऊन चिखलात पडला. नाशिककडच्या द्राक्षबागांना तडाखा बसला. वर्षभराची मिळकत घरात यायची त्या सणाच्या दिवसांत ती डोळ्यांदेखत कुजत होती. आता कल्पना करा, की त्याच संध्याकाळी शहरातला एक रसिक खिडकीशी बसला आहे. बाहेर सरी कोसळताहेत, हातात चहाचा पेला आहे, ताटलीत चकल्या आहेत, आणि त्याने एक सुरेख मल्हार लावला आहे. त्याचे डोळे मिटलेले आहेत. तो खरोखरच आनंदात आहे.

हा माणूस काही चुकते का करतो आहे?

प्रश्न बालिश वाटेल. कुणी म्हणेल, त्याने रेकॉर्ड बंद केली म्हणून सोयाबीनला फुटलेले कोंब काही आत जाणार नाहीत. हे अगदी खरे. पण नीतीचे प्रश्न केवळ परिणामांचे नसतात. शेजारी प्रेत पडले असता आपण पंगत मांडत नाही. पंगत न मांडल्याने तो मेलेला उठून बसतो असे नव्हे. मग एकाच आभाळाखाली, एकाच पावसात, एकाचे सुख आणि दुसऱ्याचे हाल इतके शेजारी शेजारी बसले असता, त्या सुखाला आपण निष्पाप म्हणावे का?

याचे एक जुने उत्तर युरोपातून आलेले आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात लुक्रेशियस नावाचा रोमन कवी होऊन गेला. त्याच्या मोठ्या तत्त्वचिंतनपर काव्याचा दुसरा भाग एका वादळाने सुरू होतो. समुद्र खवळला आहे, कुणीतरी लाटांशी झुंजत आहे, आणि पाहणारा सुखरूप किनाऱ्यावर उभा आहे. त्या पाहणाऱ्याला त्या दृश्यात गोडी वाटते, हे लुक्रेशियस लपवत नाही. मात्र तो लगेच खुलासा करतो, की ही गोडी दुसऱ्याच्या हालांची नव्हे. आपण ज्या संकटात नाही त्या संकटाची जाणीव होते, तिची ही गोडी आहे. माणूस मोठा प्रामाणिक! कारण आपल्या पावसाळी सुखाचा निम्मा भाग असाच असतो. कौलांवर धो धो पाऊस वाजत असताना पांघरूण जितके ऊबदार लागते, तितके कोरड्या रात्री लागत नाही. पाऊस बाहेर आहे, म्हणून घर घर वाटते. पावसाचे गाणेही पुष्कळदा त्या पांघरुणासारखेच वापरले जाते.

दुसरे उत्तर आपल्याकडचे. हजारएक वर्षांपूर्वी काश्मीरच्या पंडितांनी रसाचा विचार केला. त्यात भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने ती पुढे नेली. शब्द जड आहे, पण गोष्ट सोपी आहे. रंगभूमीवर सीतेचे दुःख पाहताना प्रेक्षक रडतो, आणि त्या रडण्यातही त्याला एक आनंद मिळतो. का? तर त्या क्षणी ते दुःख ‘माझे’ राहत नाही आणि ‘परक्याचे’ही राहत नाही. ‘मी’ आणि ‘तो’ यांमधले कुंपण तेवढ्यापुरते मोडते. उरते ते केवळ दुःख, साऱ्या माणसांचे. आणि ते चाखता येते. आपल्या रसिकाची बाजू एखाद्या शास्त्र्याने घेतली, तर तो म्हणेल, मल्हारातला पाऊस हा सोयाबीनवर पडणारा पाऊस नव्हेच. तो कुठल्याही गावाचा नाही, कुठल्याही तारखेचा नाही. त्याचा हिशेब तलाठ्याच्या पंचनाम्यात कशाला शोधता?

ही दोन उत्तरे एकसारखी वाटतात, कारण दोन्ही त्या रसिकाला निर्दोष सोडतात. बारकाईने पाहिले तर ती एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. रोमन कवीच्या सुखाला भिंत लागते. मी इकडे आणि तो तिकडे, ही भिंत नसेल तर त्या सुखाचा पायाच नाहीसा होतो. काश्मिरी पंडितांच्या सुखाला भिंत पाडावी लागते. तेव्हा खिडकीतल्या त्या माणसाला आपण एवढेच विचारले पाहिजे: बाबा रे, तुझा आनंद यांपैकी कुठला? भिंतीचा, की भिंत पडल्याचा?

याचे उत्तर बाहेरून देता येत नाही. पण गाण्यांकडे पाहून काही अंदाज बांधता येतो. त्यासाठी आधी एक गोष्ट मान्य करायला हवी, की पाऊस नावाची एकच एक वस्तू नाही.

सातारा जिल्हा घ्या. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार तिथेच रिता करतात. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेच वारे घाट ओलांडून पूर्वेला उतरताना कोरडे होत जातात, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडी-म्हसवडकडे, वर्षाचा पाऊस पाचशेच्या आसपास घुटमळतो. एकाच कलेक्टरच्या अमलाखाली एकीकडे लोक पाऊस थांबावा म्हणून हात जोडतात आणि दुसरीकडे तो यावा म्हणून. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. छाया हा शब्द किती शीतळ. पण त्या छायेत उन्हच पडते!

जिल्हा कशाला, एक शहरही पुरे. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत ७३ मिलिमीटर भरला. उपनगरांत माणसे गाड्यांत गुदमरली, घरांसह वाहून गेली, छातीएवढ्या पाण्यातून रात्रभर चालत राहिली; दक्षिण टोकाला तो मुंबईचा एक नेहमीचा पावसाळी दिवस होता. कुलाब्यातल्या कुणी त्या दुपारी खिडकीशी बसून एखादे सुंदर पाऊसगाणे ऐकले असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? त्याच्या खिडकीतून खरोखरच सुंदर पाऊस दिसत होता. माणसाचे नैतिक आंधळेपण पुष्कळदा असेच असते. त्यात दुष्टावा नसतो. त्याच्या पर्जन्यमापकात तेवढेच पाणी साठलेले असते.

इथपर्यंत आले, की एक कडक वृत्तीचा माणूस उठून उभा राहतो. तो म्हणतो, मग थांबवा हे सगळे. महापूर आहेत, दुष्काळ आहेत, दरडी कोसळताहेत. अशा देशात पावसावर गाणी म्हणणे ही चैन आहे. पोट भरलेल्या आणि छप्पर शाबूत असलेल्या लोकांनी काढलेले हे खूळ आहे.

या माणसाविषयी मला आदर आहे, पण त्याचे म्हणणे मला पटत नाही. ते कठोर आहे म्हणून नव्हे. ते खरे नाही म्हणून. पावसाची गाणी भिजणाऱ्यांनीच अधिक गायिली आहेत.

कोकणात भाताची लावणी चालते तेव्हा पाहावे. गुडघाभर चिखल, पाठीवर इरले नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, वरून धार, आणि सकाळपासून कमरेत वाकलेल्या बायका. एक जण गाणे उचलते, बाकीच्या मागून ओढतात. त्या गाण्यावर रोपांच्या मुठी सरकतात. गाणे थांबले तर हातही रेंगाळतात. तिथे गाणे ही चैन नसते, ते कामाचे एक अवजार असते, कोयत्याइतके उपयोगाचे. आषाढात देहू-आळंदीहून निघालेले वारकरी पंढरपूरच्या वाटेवर असतात. त्यांतले कितीतरी जण पेरणी करून किंवा पेरणीचा घोर मागे ठेवून आलेले असतात. पाऊस आला तर ते भिजत गातात. नाही आला तर गाता गाता आभाळाकडे पाहतात. आणि ज्या गावाकडे ढग फिरकतच नाही तिथे तर गाणे घेऊनच पाऊस मागायला निघतात. एखाद्या पोराला कडुनिंबाच्या डहाळ्यांनी मढवायचे, त्याला धोंडी म्हणायचे, आणि गाणी म्हणत दारोदार फिरवायचे. प्रत्येक घरातली बाई बाहेर येते, त्या पोराच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतते आणि पसाभर धान्य घालते. तान्हेल्या गावाचे ते पाऊसगाणे आहे.

मल्हाराची दंतकथाही हेच सांगते. तानसेन दीपक गायिला आणि त्याच्या अंगाची आग आग झाली. ती शमवायला वडनगरच्या ताना आणि रीरी या दोघी मल्हार गायिल्या, असे म्हणतात. इतिहास म्हणून या कथेची किंमत काय असेल ती असो. पण जिने ही कथा रचली त्या लोकबुद्धीला मल्हार कशासाठी आहे हे पक्के ठाऊक होते. कुणीतरी जळत होते, म्हणून दुसऱ्याने तो गायचा होता.

तेव्हा गाणे बंद करणे हा उपाय नव्हे. आपण छपराखालची माणसे गप्प बसलो, तर भिजणाऱ्यांची गाणी तेवढी आपल्याला ऐकू येईनाशी होतील. भिजणे काही थांबणार नाही. मात्र कडक माणसाच्या बोलण्यातला एक अंश आपण ठेवून घेऊ. पावसाच्या गाण्यांत एक प्रतवारी करता येते, आणि ती सुरांची नाही. त्या गाण्यात आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला उभे राहायला जागा आहे का, हे पाहायचे.

कालिदासाचे ‘मेघदूत’ पाहा. विषय किती खाजगी! बायकोपासून वर्षभर ताटातूट झालेला एक यक्ष रामगिरीवर, म्हणजे अनेक विद्वानांच्या मते आपल्या नागपूरजवळच्या रामटेकवर, बसला आहे आणि ढगाबरोबर निरोप धाडतो आहे. अशा माणसाला जगाची फिकीर असण्याचे कारण नाही. पण ढगाला वाट सांगताना तो काय काय सांगतो? खेड्यातल्या बायका तुझ्याकडे मायेने ओलावलेल्या डोळ्यांनी पाहतील, त्यांना नेत्रकटाक्ष ठाऊक नाहीत, पण शेताचे पीक तुझ्या हाती आहे हे ठाऊक आहे. वाटेत डोंगरावर वणवा लागला असेल, तो विझव. उज्जयिनीत रात्रीच्या अंधारात प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना विजेने वाट दाखव, पण गडगडाट करून त्यांना घाबरवू नकोस. आपल्या विरहाने वेडा झालेला माणूस, आणि त्याच्या काव्यात शेतकऱ्याची बायको, जळणारे रान, भेदरलेल्या मुली या सगळ्यांना जागा आहे! म्हणून ते काव्य दीड हजार वर्षे टिकले असे मी म्हणणार नाही. टिकण्याची कारणे पुष्कळ असतात. पण ते ऐकताना आपण एकटे उरत नाही, एवढे खरे.

आता आपल्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. खानदेशातल्या शेतात आणि जात्यावर त्या गात राहिल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. पहिल्या पावसावरचे त्यांचे एक गाणे आहे. त्यात भिजलेल्या मातीचा वास आहे, भरून आलेले मन आहे, शेत उगवण्याची आस आहे. आणि त्याच गाण्यात, त्याच आनंदाच्या भरात, पावसाचा जोर वाढल्यावर घर गळू लागते तेही आहे. बहिणाबाईंनी त्यासाठी निराळे दुःखाचे गाणे काढले नाही. गळके घर आणि उगवणारे शेत ही त्यांना एकाच पावसाची दोन कामे दिसली. छपराखालच्या कवीला हे साधत नाही असे नाही, पण त्याला ते आठवावे लागते. बहिणाबाईंना आठवण्याची गरज नव्हती. पाणी त्यांच्या चुलीपर्यंत आलेले होते.

हिंदी चित्रपटांतले एक उदाहरण याहून मजेदार आहे. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा ज़मीन’मध्ये, १९५३ साली, एक पाऊसगाणे आले. कोरड्या पडलेल्या गावावर ढग येतात आणि सारा गाव नाचू लागतो. त्यात बलराज साहनींनी उभा केलेला शंभूही असतो. पाहणाऱ्याला पुढे कळते, की एवढा पाऊस पडूनही शंभूची जमीन वाचणार नाही, कारण तिच्यावर डोळा आहे तो जमीनदाराचा. दोन वर्षांनी, १९५५ साली, राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये दुसरे पाऊसगाणे आले. रात्र, रस्ता, एकच छत्री आणि छत्रीखाली राज आणि नर्गिस. ही दोन्ही गाणी लिहिली शैलेंद्रने, आणि दोन्हींतले मुख्य आवाज मन्ना डे आणि लता मंगेशकर यांचे. कवी तोच, गळे तेच, पाऊस मात्र दोन जातींचा. एकात साऱ्या गावावर पडणारा, दुसऱ्यात छत्रीबाहेर पडणारा.

यांतले एक चांगले आणि एक वाईट, असे मला म्हणायचे नाही. छत्रीतली ती दोघे गरीब आहेत, त्यांना स्वतःचे घरदेखील नाही. चार काड्यांचे ते छप्पर तेवढे त्यांचे. ते गाणे ऐकताना ज्याचे मन हलत नाही, त्याच्याशी पावसाविषयी बोलण्यातच अर्थ नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की शैलेंद्रला दोन्ही पाऊस ठाऊक होते. ऐकणाऱ्यालाही दोन्ही ठाऊक असले, तर छत्रीच्या गाण्याची गोडी कमी होत नाही. उलट, ही छत्री किती लहान आहे आणि बाहेरची रात्र किती मोठी, हे त्याला कळते. आणि म्हणून त्या दोघांचे बिलगणे त्याला अधिक खरे वाटते.

वादळाच्या गाण्यांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. शांता शेळके यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेले आणि लताबाईंनी गायिलेले एक कोळीगीत सर्वांच्या परिचयाचे आहे. वादळवारा सुटला आहे, धनी होडी लोटून समुद्रात गेला आहे, आणि घरी राहिलेली ती एकटी गाते आहे. त्या गाण्याचा ठेका असा, की स्नेहसंमेलनात तो वाजला की पोरांचे पाय आपोआप हलतात. पण शब्दांकडे लक्ष दिले तर त्यात एका बाईच्या पोटातला गोळा आहे. पाय हलावेत आणि पोटात गोळाही यावा, ही त्या गाण्याची मागणी आहे. आपण पुष्कळदा अर्धीच पुरी करतो. ठेका घेतो, आणि ती बाई किनाऱ्यावर तशीच उभी राहते.

आता त्या धाकट्याच्या गाण्याकडे येतो. पावसाला पैसा देऊ करण्याचे ते बालगीत मराठी माणसाने बोलता येऊ लागताच म्हटलेले असते. त्यातला व्यवहार कधी तपासून पाहिला आहे का? आपण पावसाला बोलावतो, पैशाचे आमिष दाखवतो. आणि मग तो पैसा निघतो खोटा! पाऊस बिचारा येतो, आणि चांगला मोठा येतो. फसवले गेल्याची तो तक्रार करीत नाही. तीन-चार वर्षांचे पोर ही फसवणूक इतक्या निरागसपणे गाते, की कुणाच्या मनात काही येत नाही. पण मला वाटते, पावसाशी असलेल्या आपल्या साऱ्या नात्याचा इतका खरा ताळेबंद दुसऱ्या कुठल्याही गाण्यात नाही.

कारण पावसाला जो पैसा आपण देऊ करतो, तो पावसाला थोडाच हवा असतो? पावसाच्या नावाने जे देणे निघते ते माणसांचे असते. जी आपल्यासाठी भिजतात, ज्यांच्या वाट्याला तो जास्त येतो किंवा येतच नाही, त्यांचे. गाण्यात आपण या सगळ्यांना बोलावतो: लावणी करणारीला, नाखव्याला, कोरड्या रानाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला. त्यांच्या वाट्याचा चिखल, त्यांची भीती, त्यांची वाट पाहणे, हे सारे घेऊन गाणे गोड होते. गोडी आपण पोटभर घेतो. आणि देण्याची वेळ आली, की पैसा खोटा निघतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात शहरांतल्या कितीतरी घरांत पावसाची गाणी मोठ्या ओढीने लावली गेली असतील. उकाडाच तसा होता. पण त्याच घरांतला नळ तितक्याच मोकळेपणाने वाहत राहिला असेल, तर त्या ओढीला काय म्हणावे?

तेव्हा खिडकीतल्या त्या रसिकाचा निवाडा मी असा करीन. त्याने मल्हार ऐकावा, जरूर ऐकावा. त्याच्या आनंदात पाप नाही. पण तो आनंद फुकटचा नाही, उधारीचा आहे. उधारी हा काही गुन्हा नव्हे. सगळे जग उधारीवर चालते. गुन्हा आहे तो उधारी विसरण्यात, आणि त्याहून मोठा, ती खोट्या पैशाने फेडण्यात. ‘अरेरे, बिचारे शेतकरी’ असे म्हणून पुढची चकली उचलणे, हा खोटा पैसाच. खरा पैसा कोणता, हे ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. कुणासाठी तो दुष्काळात अर्धी बादली वाचवणे असेल, कुणासाठी भाजीच्या टोपलीशी चाललेली घासाघीस थांबवणे, कुणासाठी पूर ओसरल्यावर कुठल्यातरी अनोळखी गावात जाऊन चार घरांतला गाळ उपसणे. आणि एवढेही न जमले, तर निदान गाणे पुरते ऐकणे. ठेक्यापाशी न थांबता त्या किनाऱ्यावरच्या बाईपर्यंत जाणे. काश्मीरच्या त्या पंडितांना जी भिंत पाडायची होती, ती मैफल संपताच आपण पुन्हा बांधून काढावी, असे त्यांच्या शास्त्राने आपल्याला सांगितलेले नाही.

यासाठी फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. धोंडी दारात येते तेव्हा घरातली बाई काय करते, ते आठवले तरी पुरे. गावात पाणी नसते. विहिरीचा तळ दिसत असतो. कुणी दोन मैलांवरून हंडा आणलेला असतो. आणि तशात पाऊस मागणारे ते गाणे उंबऱ्याशी येऊन उभे राहते. ती बाई ‘गाणे छान झाले’ असे म्हणत नाही. ती आत जाते, होते त्यातले तांब्याभर पाणी आणते आणि एका पोराच्या डोक्यावर ओतते. हिशेबाने पाहिले तर हा वेडेपणा आहे. टंचाईत पाणी सांडणे! पण पावसाच्या गाण्याला कशी दाद द्यावी, हे तिच्याइतके कुणाला कळले असेल असे मला वाटत नाही.

कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी अंगणात पायाखाली कारीट फोडले, की आत पोह्यांची ताटे तयार असतात. गुळाचे, दुधातले, ताकातले, नारळ घातलेले, नव्या भाताचे. जूनमध्ये ज्या शेतातून इरल्याखालचे ते गाणे चालले होते, तेच आता ताटात आलेले असते. यंदा पहिला घास घेताना मुलांना विचारा, हे पोहे कुणाचे? मुले म्हणतील, आईचे. मग त्यांना त्या वाकलेल्या बायकांची गोष्ट सांगा, आणि त्यांचे एखादे गाणे कुणाला येत असेल तर ते म्हणायला लावा. चाल जराशी चुकली तरी चालेल.